संगणकावर मराठी एकदाच नीट लावून घ्या: कीबोर्ड, जुने फाँट आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका

मराठी फाइल एका संगणकावर छान दिसते, दुसऱ्यावर नेली की तिचा पार भुगा होतो. वर्डमध्ये शब्द डोळ्यांसमोर असतो, पण शोधायला गेलं तर सापडत नाही. एक्सेलची यादी उघडावी तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. हे त्रास वेगवेगळे वाटतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पडद्यावर अक्षर दिसतं एक आणि संगणक आत साठवतो भलतंच.

आमच्याकडच्या एका सार्वजनिक वाचनालयाची जुनी ग्रंथयादी आणि वार्षिक अहवाल नव्याने लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे सगळे प्रकार एकाच फोल्डरमध्ये भेटले. ज्यांना सोसायटीचं इतिवृत्त, संस्थेचा अहवाल, मंडळाची स्मरणिका किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचं जुनं लेखन सांभाळायचंय, त्यांच्यासाठी हा क्रम लिहितोय. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे.

सुरू करण्याआधी हाताशी हे असू द्या:

- इंटरनेट असलेला संगणक. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय, हे लक्षात असू द्या. मराठी मात्र त्यावरही चालते.
- वर्ड किंवा मोफत मिळणारं लिबरऑफिस. खालच्या काही युक्त्या वर्डच्याच आहेत.
- क्रोम ब्राउझर आणि गूगल खातं.
- जुन्या फाइलींची एक वेगळी प्रत, पेनड्राइव्हवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं.
- शक्य असेल तर जुन्या फाइलींचे छापील कागद. पडताळणीला त्यांच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही.

## १. फाइल युनिकोड आहे का, ते आधी बघा

मजकुरातल्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मराठीच राहिली तर फाइल युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत लिहिलेली आहे. इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं उमटली तर ती जुन्या फाँटातली आहे.

जुन्या फाँटांत नेमकं काय होतं ते एकदा समजून घ्या, पुढचं सोपं जातं. कृतिदेव फाँटात 'मराठी' हा शब्द लिहिला की संगणक आत साठवतो ई, जे, के, मोठा बी आणि एच. फक्त या रोमन अक्षरांवर फाँट मराठी वळणं चढवून दाखवतो. फाँट काढला की खालचं रोमन उघडं पडतं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅक या सरकारी संस्थेचे सुरेख आणि योगेश हे सगळे याच घराण्यातले, पण प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकात ज्या बटणावर 'म' आहे तिथे दुसऱ्यात 'ए'ची मात्रा असू शकते.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'म' हा कोणत्याही फाँटात, कोणत्याही यंत्रावर 'म'च राहतो. व्हॉट्सॲप, ईमेल, सरकारी संकेतस्थळं सगळं आज यावरच चालतं. म्हणून नवीन काहीही लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. "आमच्या ऑफिसात सगळे जुना फाँटच वापरतात" हे कारण ऐकून सोडून देऊ नका. त्या फाइली पुढे दुसऱ्या कुणाला तरी उपसाव्या लागतात.

## २. मराठी कीबोर्ड चालू करा

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्येच सोय आहे.

सेटिंग्ज उघडा, 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जा, 'लँग्वेज अँड रीजन' निवडा (विंडोज १० मध्ये नुसतं 'लँग्वेज'). 'ॲड अ लँग्वेज' दाबून मराठी शोधा. पुढच्या खिडकीत 'हीच विंडोजची भाषा करा' अशा अर्थाचा एक चौकोन दिसेल. तिथली खूण काढून टाका, नाहीतर सगळे मेनू मराठीत येतील आणि 'सेव्ह' कुठे गेलं ते शोधत बसाल.

भाषा बसली की तिच्या नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जा (विंडोज १० मध्ये नावावर क्लिक करून 'ऑप्शन्स'). तिथे 'ॲड अ कीबोर्ड' आहे. नुसतं 'मराठी' म्हणजे इन्स्क्रिप्ट, ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण असतं, आणि 'मराठी फोनेटिक' म्हणजे रोमन अक्षरांतून लिहायचा. फोनेटिक मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मिळतो. दोन्ही बसवून ठेवले तरी चालतं.

इंग्रजीतून मराठीत जायला विंडोजचं बटण दाबून धरून स्पेस दाबा. खाली उजवीकडे घड्याळाशेजारी कोणता कीबोर्ड चालू आहे ते दिसतं. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर सगळ्यात आधी तिथे बघा.

इथला सापळा: गूगलचं मराठी टायपिंगचं जे वेगळं सॉफ्टवेअर पूर्वी विंडोजवर बसवायचो, ते गूगलने देणं केव्हाच बंद केलं. तरी त्याच नावाच्या फाइली भलत्याच साइटवर 'मोफत डाउनलोड' म्हणून फिरत असतात. तुम्ही जे काही टाइप करता ते सगळं कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून जातं, पासवर्डसकट. अनोळखी ठिकाणचं असलं काही बसवू नका.

## ३. फोनेटिक की इन्स्क्रिप्ट

आठवड्यातून एखादा अर्ज लिहायचा असेल तर फोनेटिक पुरे. रोमनमध्ये शब्द लिहायचा, खाली पर्याय येतात, त्यातला निवडायचा. पण हा कीबोर्ड अंदाज बांधतो. 'मान' हवं असताना 'मन' येतं, आडनावांची तर तो हमखास वाट लावतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत पहिला पर्याय डोळे झाकून घ्यायचा नाही.

रोज पानभर तरी लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट शिका, हे माझं स्पष्ट मत. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण त्याची मांडणी आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के दाबलं की 'क', शिफ्टसह के दाबलं की 'ख'. आयवर 'ग', शिफ्टसह 'घ'. पीवर 'ज', शिफ्टसह 'झ'. जोडी डोक्यात बसली की निम्मा कीबोर्ड पाठ झाला. शिवाय गुजराती, कन्नड, बंगाली इन्स्क्रिप्टमध्येही 'क' त्याच बटणावर असतो.

जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त (पाय मोडायची खूण) द्यायचा, तो डीवर आहे. 'क्ष' हवा तर क, डी, ष. पहिली वेलांटी व्यंजनाच्या *नंतर* दाबायची: 'कि' म्हणजे आधी के, मग एफ. टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेल्या जुन्या टायपिस्टांना हेच जड जातं, कारण तिथे वेलांटी आधी मारायची सवय असते. अशांनी इन्स्क्रिप्टच्या मागे लागायची सक्ती नाही. रेमिंग्टन मांडणीनेच युनिकोड लिहिता येणारे कीबोर्ड मिळतात. टायपिंगच्या परीक्षेला बसणार असाल तर तिथे कोणती मांडणी आहे ते संस्थेत विचारून मगच सराव सुरू करा.

दुरुस्ती करताना उपयोगी पडणारी एक बारीक गोष्ट. मागे खोडणारं बॅकस्पेस एकेक वर्ण खोडतं: 'क्षि'वर एकदा दाबलं तर फक्त वेलांटी जाते, पुन्हा दाबलं तर 'ष' जातो, मग हलन्त, मग 'क'. डिलीट मात्र पुढचं अख्खं अक्षर एका घासात खातं. मात्रा चुकली असेल तर कर्सर त्या अक्षराच्या उजवीकडे ठेवून बॅकस्पेसच वापरा.

ज्यांना टाइप करायचंच नाही, त्यांनी क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून 'टूल्स'मधलं 'व्हॉइस टायपिंग' निवडावं आणि भाषा मराठी करावी. कंट्रोल + शिफ्ट + एसनेही ते सुरू होतं. विरामचिन्हं हाताने घालावी लागतील आणि नावं तपासावी लागतील, पण सत्तरीतल्या माणसाच्या आठवणी उतरवून घ्यायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

## ४. अडणारी अक्षरं

ऱ्य आणि ऱ्ह. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. इन्स्क्रिप्टमध्ये साधा 'र' जेवर आहे आणि शिफ्टसह जे दाबलं की खाली टिंब असलेला 'ऱ' येतो. हाच मोडून चंद्रकोरीसारखा 'र' होतो. 'दुसऱ्या' हा शब्द असा: ओ, जी, एम, शिफ्ट + जे, डी, तिरकी रेघ, ई. चार-पाच वेळा लिहिला की बोटांना सवय होते.

ॲ. ॲप, ॲसिड, ॲडव्होकेट. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवायचे, काही जण हिंदीतला 'ऍ' वापरायचे. म्हणून एकाच फाइलीत एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो आणि तुम्ही शोधलेला एकच प्रकार मिळतो. तुमच्या कीबोर्डवर 'ॲ' पटकन सापडत नसेल तर वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्ड चालू करून ०९७२ हे आकडे लिहा आणि ऑल्ट + एक्स दाबा. आकड्यांच्या जागी 'ॲ' येतो. ०९३१ लिहून तेच केलं की 'ऱ'.

विसर्ग. यात भलेभले फसतात. 'दुःख', 'स्वतः', 'विशेषतः' लिहिताना विसर्ग सापडला नाही की माणूस कोलन मारून मोकळा होतो. दिसायला दोन्ही सारखे. पण शोधताना 'दुःख' वेगळं आणि कोलनवालं वेगळं. संशय आला तर वर्डमध्ये त्या दोन टिंबांच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि ऑल्ट + एक्स दाबा. ०९०३ उमटलं तर विसर्ग आहे. ००३ आणि पुढे रोमन ए उमटलं तर कोलन. पुन्हा ऑल्ट + एक्स दाबलं की पूर्ववत. इन्स्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्टसह हायफनच्या बटणावर आहे.

सगळे कोलन एका फटक्यात बदलू नका. 'वेळ १०:३०' आणि 'विषय:' हेही बदलले जातील. 'स्वतः', 'दुःख', 'अंतःकरण', 'निःशब्द' असे एकेक शब्द घेऊन कंट्रोल + एचने बदला. 'अ'वर चंद्र दिलेला प्रकार मात्र सरसकट 'ॲ' केला तरी बिघडत नाही.

रुपयाचं चिन्ह हवं असेल तर 'इंग्लिश (इंडिया)' कीबोर्डवर कंट्रोल + ऑल्ट + ४.

## ५. विंडोज + व्ही: ही अक्षरं टाचून ठेवा

कंट्रोल + व्ही सगळ्यांना माहीत असतं. विंडोज + व्ही फार थोड्यांना. पहिल्यांदा दाबलं की ते सुरू करायचं का विचारतं, हो म्हणा. त्यानंतर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टींची यादी तिथे दिसते. हवी ती निवडा, पेस्ट होते.

गंमत पुढे आहे. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला टाचणीचं चिन्ह असतं. 'ॲ', 'ऱ्या', '₹', संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्राखालचा 'आपला विश्वासू' मजकूर हे एकदा कॉपी करून टाचून ठेवा. संगणक बंद करून चालू केला तरी टाचलेलं राहतं, आणि ते वर्ड, एक्सेल, ब्राउझर कुठेही चालतं. सरकारी पोर्टलवर तोच पत्ता पुन्हापुन्हा भरताना हे फार कामाला येतं.

पण ही यादी पासवर्डही लक्षात ठेवते, जर तुम्ही तो कॉपी केला असेल तर. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर काम संपलं की यादी उघडून 'क्लिअर ऑल' करा.

## ६. वर्ड फाँट बदलत नाही तेव्हा

फाँट निवडला, आकार १४ केला, इंग्रजी मोठी झाली आणि मराठी होती तशीच. वर्ड बिघडलेलं नाही. लॅटिन अक्षरांसाठी एक फाँट आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, असा तो दोन वेगळ्या नोंदी ठेवतो. मजकूर निवडून कंट्रोल + डी दाबा. खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसेल. मराठी फाँट आणि त्याचा आकार तिथे ठरवा आणि खालचं 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबून ठेवा.

कोणता फाँट? विंडोजमधला मंगल वाचायला ठीक, पण त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून दिले आहेत. ते हवे असतील तर गूगल फाँट्सवर 'टिरो देवनागरी मराठी' मोफत मिळतो. फाइल उतरवून तिच्यावर उजवं क्लिक, मग 'इन्स्टॉल'. पुस्तकी मजकुराला तो छान दिसतो. शीर्षकं आणि सूचनाफलकांसाठी मी 'मुक्ता' वापरतो.

## ७. जुन्या फाँटातली फाइल युनिकोडमध्ये आणणं

सगळ्यात वेळखाऊ भाग हा. घाई केली तर दुप्पट काम होतं.

अ) फाँटाचं नाव शोधा. वर्डमध्ये फाइल उघडा, गचाळ दिसणाऱ्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फाँटाच्या चौकोनात बघा. तो फाँट तुमच्या संगणकावर नसला तरी त्याचं नाव तिथे टिकून असतं. हे नाव जसंच्या तसं कागदावर लिहा, आकड्यांसकट. श्रीलिपीतले 'श्री-देव' आणि पुढे आकडा, सी-डॅकचे 'डीव्हीबी-टीटी सुरेख' अशी नावं असतात. नावात एका अक्षराचा फरक असेल तरी दुर्लक्ष करू नका, मांडणी बदललेली असू शकते. एकाच अहवालात मथळे एका फाँटात आणि मजकूर दुसऱ्यात, हेही नेहमीचं.

आ) त्याच फाँटाचा कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन, घ्या. इंटरनेटवर बरेच मोफत आहेत. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. अख्खी फाइल टाकण्याआधी एकच परिच्छेद टाकून बघा, आणि असा निवडा ज्यात रफार, 'ऱ्या', 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ह्म', 'ष्ट' सगळं आहे. साधा 'कमल घर बघ' छापाचा मजकूर कुठल्याही कन्व्हर्टरमधून सुखरूप बाहेर येतो, त्यावरून काही कळत नाही.

इ) इंग्रजी वेगळं काढा. कन्व्हर्टरला सगळंच जुन्या फाँटातलं वाटतं. मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते, कधीकधी आकडेसुद्धा तो मराठी समजून बदलतो आणि मग काय होतं ते ओळखूच येत नाही. वर्डमध्ये 'होम'च्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आहे. जुन्या फाँटातल्या एखाद्या शब्दावर कर्सर ठेवून त्यातलं 'सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग' दाबा. तशाच मांडणीचा मजकूर निवडला जातो. त्याला पिवळा रंग द्या. आता कन्व्हर्टरमध्ये टाकायचं ते पिवळं, बाकीचं जसंच्या तसं राहू द्यायचं, हे समोर दिसतं.

ई) तपासणी. बदललेल्या मजकुरात तुटक बिंदूंचं वर्तुळ शोधा. मात्रेला धरायला व्यंजन सापडलं नाही की ते दिसतं. मग कंट्रोल + एफ करून स्पेस आणि लगेच पहिली वेलांटी असा शोध घ्या, सुटलेल्या वेलांट्या सापडतात. दोन काने लागोपाठ, दोन अनुस्वार लागोपाठ हेही शोधा. रफार हमखास एक अक्षर मागे-पुढे सरकलेला असतो: 'कार्यक्रम', 'वर्गणी', 'आर्थिक' हे शब्द मुद्दाम बघा. वाचनालयाच्या यादीत मला सर्वांत जास्त चुका लेखकांच्या आडनावांत सापडल्या, कारण तिथे चूक झाली तरी वाक्य अडत नाही आणि डोळा पुढे सरकतो. नावं छापील कागदाशी ताडूनच घ्या.

'ऱ्या' काही कन्व्हर्टर साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून तयार करतात. दिसतो बरोबर, पण तुम्ही कीबोर्डवरून लिहिलेला 'ऱ्या' शोधलात तर तो सापडत नाही. त्यातला एक कॉपी करून 'फाइंड'मध्ये टाका, 'रिप्लेस'मध्ये स्वतः लिहिलेला टाका आणि सगळे बदलून घ्या.

गोपनीय कागद, म्हणजे सभासदांचे आधार क्रमांक, बँकेची माहिती, वैद्यकीय नोंदी, ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. तेवढे तुकडे पुन्हा टाइप करणं परवडलं.

## ८. फाइलच नाही, फक्त पीडीएफ किंवा कागद आहे

जुन्या फाँटातून बनवलेल्या पीडीएफमधून कॉपी केलं की भुगाच मिळतो. तिथे कन्व्हर्टरच्या नादी लागण्यापेक्षा चित्रावरून मजकूर ओळखून घेणं बरं. पीडीएफ किंवा पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवा, त्याच्यावर उजवं क्लिक करून 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्स निवडा. चित्राखाली युनिकोड मजकूर येतो. दोन-चार ओळीच हव्या असतील तर फोनवरचं गूगल लेन्स पुरतं.

फोटो सरळ, उजेडात आणि सावली न पाडता घ्या. दोन रकान्यांचं पान असेल तर रकाने वेगवेगळे कापून द्या, नाहीतर डाव्या रकान्याची ओळ उजव्यात मिसळते. तक्ते या पद्धतीने सहसा धड येत नाहीत.

## ९. एक्सेल आणि नोटपॅड

सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) डबल क्लिक केलं आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं वर्तुळ, अशी जोडी पुन्हापुन्हा दिसली तर घाबरू नका, सेव्हही करू नका. मजकूर शाबूत आहे, एक्सेलने तो चुकीच्या पद्धतीने वाचलाय. फाइल बंद करा. कोरं एक्सेल उघडून 'डेटा'मधलं 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. तिथेच डेटाचा प्रकार ओळखू नको असं सांगायचा पर्याय आहे, तोही निवडा. नाहीतर '००४५' या दाखल क्रमांकाचं नुसतं ४५ होतं आणि '३/१२' ची तारीख होते. सेव्ह करताना प्रकार 'सीएसव्ही यूटीएफ-८' घ्या.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र मजकूर गेला. कुणीतरी तो युनिकोड नसलेल्या प्रकारात सेव्ह केलाय आणि त्यातून परत काही मिळत नाही, मूळ प्रत शोधा. जुन्या विंडोजवरचं नोटपॅड डिफॉल्टने 'ॲन्सी' या युनिकोड नसलेल्या प्रकारात सेव्ह करायचं, तिथे हे हटकून व्हायचं. २०१९ पासूनचं नोटपॅड यूटीएफ-८ घेतं.

बेरीज-वजाबाकीच्या रकान्यात आकडे इंग्रजीच ठेवा. आणि पोर्टलवर चढवायच्या फाइलीचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये स्पेस न देता ठेवा. मराठी नाव घेताना बरीच पोर्टलं अडतात आणि अडलं कशामुळे ते सांगत नाहीत.

## १०. छापायला देताना

झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेऊ नका. त्याच्याकडे तुमचा फाँट नसेल तर पानं सरकतात, सही खालच्या पानावर जाते. 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा आणि तीच द्या.

छापखान्यात पानं लावायला अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर वापरत असतील तर ते तुमची युनिकोड फाइल परत जुन्या फाँटात बदलून मागतील, कारण पेजमेकरला युनिकोड मराठी कळत नाही. अशा उलट्या बदलातही चुका होतात, तेव्हा प्रूफ पूर्ण वाचायचं. त्याच कामाचं नवं इनडिझाइन असेल तर ऑपरेटरला परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या 'टाइप' विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' आहे. त्याहून जुन्या आवृत्तीत तिथेच 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं लिहिलेलं असतं. हे केलं नाही तर जोडाक्षरं सुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि चौकातल्या फ्लेक्सवर 'शिवजयंती'ची 'शविजयंती' होते.

ऑपरेटर "आमच्याकडे असंच येतं" म्हणाला तर वाद घालत बसू नका. मजकूर स्वतःच्या संगणकावर हव्या त्या फाँटात आणि आकारात लावून पीडीएफ करा आणि ती चित्र म्हणून डिझाइनमध्ये बसवायला सांगा. छपाईआधी फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. त्यात तारीख, वार आणि पाहुण्यांची नावं दोघांनी वेगवेगळी वाचा.